उत्तर देणं गुन्हा होता तेव्हा

आज गडचिरोलीतला एखादा सतरा वर्षांचा मुलगा फोनवर टाइप करत असेल, 'मला मुलंच आवडतात, मी नॉर्मल आहे ना?' आणि लगेच हिस्टरी डिलीट करत असेल. हा प्रश्न मराठीत नवा नाही. नव्वद वर्षांपूर्वी असे प्रश्न पोस्टाने जायचे.

रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत. लैंगिक गोष्टींबद्दल वाचक शंका विचारायचे, कर्वे उत्तरं छापायचे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत एफएक्यू! १९३४ मध्ये या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांमध्ये समलैंगिकतेचाही विषय होता.

कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा मुद्दा सरळ होता. मासिक लैंगिक शिक्षणाचं असेल, तर वाचकाच्या शंकेला उत्तर द्यायलाच हवं. एखादी गोष्ट विकृत वाटली, तरी तिच्यावर इलाज ज्ञान हाच. कोर्टाला हे पटलं नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

त्याच बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हा गडचिरोलीही चांदा जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा १९८२ मध्ये झाला. आजही ऑक्टोबरात इथली दीक्षाभूमी माणसांनी फुलून जाते. महाडचं तळं, राज्यघटना, धर्मांतर यांबद्दल आपण भरभरून बोलतो. हा खटला मात्र भाषणात क्वचितच येतो.

उत्तरं देण्याचं काम पुढे संस्थांनी उचललं. सॉफ्टवेअरमधली नोकरी केलेल्या बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला. विदर्भात नागपूरच्या सारथी ट्रस्टने पाय रोवले. कायद्याची वाट मात्र वळणावळणाची निघाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये कलम ३७७ सैल केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मिळाला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून बाहेर आले.

पण भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरहून लांब आहे. आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या मुलाला तिथे एकट्याने जाता येत नाही, आणि घरी कारण काय सांगणार? त्याला उत्तर जवळच मिळायला हवं: वर्गशिक्षकांकडून, अधीक्षकांकडून, कॉलेजातल्या एखाद्या ताई-दादाकडून. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

कर्व्यांना उत्तर देण्यासाठी दंड भरावा लागला. आपल्याला तोही भरायचा नाही. कुणी विश्वासाने विचारलं, तर हसायचं नाही, गावभर करायचं नाही आणि 'लग्न झालं की ठीक होईल' असं तर अजिबात म्हणायचं नाही. 'तू ठीक आहेस' एवढं सांगितलं, तरी सुरुवात झाली.