चिया बियांचा मूळ देश : चित्रलेखांचा पुरावा

चिया या बीजास वनस्पतिशास्त्रांत 'साल्व्हिया हिस्पानिका' अशी संज्ञा आहे. स्वीडनच्या लिनियस या पंडितानें ती इ. स. १७५३ त आपल्या ग्रंथांत नमूद केली. 'हिस्पानिका' म्हणजे स्पेनदेशीय. परंतु या नांवावरून हें झाड स्पेनचें मानणें चुकीचें होय. त्याचें मूळ स्थान मेक्सिको व ग्वाटेमाला हें आहे. नुसतें नांव हा पुरावा नव्हे. अस्सल कागद काय सांगतो, तें पाहिलें पाहिजे.

यासंबंधीं मुख्य साधन म्हणजे 'मेंडोझा' या नांवानें प्रसिद्ध असलेलें ७१ पत्रांचें चित्रमय बाड. मेक्सिको शहरीं इ. स. १५४१ चे सुमारास तें तयार झालें. सम्राट पांचवा चार्ल्स याजकडे तें जावयाचें होतें. परंतु वाटेंत फ्रेंच चांच्यांनीं तें हस्तगत केलें, असें सांगतात. फ्रेंच भूगोलज्ञ आंद्रे थेव्हे याची सही व १५५३ हा सन त्यावर आहे. पुढें हॅक्लुट, पर्चस व सेल्डन या इंग्रज संग्राहकांच्या हातून तें इ. स. १६५९ त ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आलें.

बाडाचा दुसरा भाग म्हणजे अझ्टेक राज्याच्या खंडणीचा तक्ता होय. त्यांत लांकडी कोठारें काढलीं असून मका, घेवडा, चिया व राजगिऱ्याच्या जातीचें धान्य अशी त्यांची ओळख स्पॅनिश टीपांत दिली आहे. या नोंदींच्या गणनेप्रमाणें ३८ प्रांतांपैकीं २१ प्रांत दरसाल चिया भरीत.

येथें एक शंका संभवते. बाडाच्या अखेरीस लेखकच कबूल करतो कीं, गलबतें निघण्यापूर्वीं अवघे दहा दिवस दुभाष्यास हीं चित्रें मिळालीं. मग घाईनें लिहिलेल्या टीपा कितपत विश्वसनीय मानाव्या? याचें उत्तर इतर साधनांत सांपडतें. मेक्सिकोंत झाडाच्या सालीच्या कागदावर काढलेला खंडणीचा दुसरा तक्ता उपलब्ध आहे. तो या भागाशीं इतका जुळतो कीं, दोहोंचा निकट संबंध उघड दिसतो. शिवाय बर्नार्दिनो दे साआगुन या पाद्र्यानें इ. स. १५७७ चे सुमारास पुरा केलेला बारा भागांचा ग्रंथ फ्लॉरेन्स येथें आहे. त्याच्या दहाव्या भागांत बाजारांतील चिया विकणाराचें वर्णन, तद्देशीय नहुआत्ल भाषेंतच, आलें आहे. सबब टीपांतील 'चिया' ही दुभाष्याची चूक नव्हे.

मात्र पुराव्याची मर्यादाहि ओळखली पाहिजे. चिमूटभर चियावर अझ्टेक शिपाई दिवसभर चालत, ही कथा हल्लीं फार सांगितली जाते. खंडणीच्या तक्त्यांत तिला आधार नाहीं. त्यांवरून सरकारांत भरणा काय होई तें कळतें. कोणी किती खाल्लें, तें कळत नाहीं.

खाद्य म्हणून या बियांची योग्यता मात्र कथेवर अवलंबून नाहीं. शंभर ग्रॅम चियांत सुमारें १६.५ ग्रॅम प्रथिनें, ३१ ग्रॅम स्निग्धांश, ३४ ग्रॅम तंतु व ६३० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. स्निग्धांशांत अर्ध्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा आहे. यामुळेंच जवसाच्या तेलाप्रमाणें हें तेलहि हवेंत सुकून त्याचा चिवट पापुद्रा बनतो. मेक्सिकोंत ओलिनाला येथील रोगणकामांत तें वापरतात.

शेवटीं आपल्याकडील एका घोटाळ्याचा निर्देश केला पाहिजे. फालुद्यांतील सब्जा म्हणजेच चिया, असा पुष्कळांचा समज आहे. दोन्ही तुळशीच्या कुळांतील असून पाण्यांत बुळबुळीत होऊन फुगतात, हें खरें. परंतु सब्जा हें निराळ्याच झाडाचें बीं आहे. मिरची, मका व पेरू हे अमेरिकेंतून येऊन शतकांपूर्वीं आपल्या घरचे झाले. चियाचा प्रसार येथें अगदीं अलीकडचा. यास्तव जुन्या वैद्यकीय बाडांत 'सब्जा' आढळल्यास त्याचा अर्थ 'चिया' असा करूं नये. नाहींतर लिनियसच्या नांवानें केला तोच घोटाळा आपल्या टीपांनीं होईल.