चेटकिणींचे तेल : एका लोकप्रिय स्पष्टीकरणाची तपासणी

केरसुणीवर बसून आकाशात उडणारी चेटकीण आपल्याकडच्या मुलांनाही गोष्टींच्या पुस्तकांतून परिचित आहे. मात्र या चित्रातला एक महत्त्वाचा तपशील बालपुस्तकांतून गळून गेला आहे. पंधराव्या ते सतराव्या शतकातील युरोपीय लिखाणानुसार चेटकीण नुसत्या केरसुणीच्या बळावर उडत नसे. ती आधी अंगाला एक वनस्पतियुक्त तेल किंवा मलम चोळत असे. मग ती धुराड्यातून बाहेर पडून रात्रीच्या मेळाव्याला जाई, तेथे सैतानाबरोबर जेवण आणि नाच करी व पहाटे परत येई, अशी समजूत होती.

या समजुतीचे एक ‘वैज्ञानिक’ स्पष्टीकरण लोकप्रिय पुस्तकांतून वारंवार वाचायला मिळते. ते असे : या तेलात बेलाडोना, खुरासानी ओवा, धोतरा यांसारख्या वनस्पतींचा अर्क असे; त्यातील रसायने त्वचेतून शरीरात जात; त्यामुळे भ्रम होऊन आपण उडत आहोत असे त्या स्त्रियांना वाटे. हे उत्तर सुबक आहे. वर्गात सांगितले तर विद्यार्थी खूष होतात. अंधश्रद्धेवर विज्ञानाने मात केली असे समाधानही मिळते. पण उत्तर सुबक असणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यासाठी आपल्याला तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतील. अशी तेले खरोखर होती का? त्यातील द्रव्ये त्वचेतून शरीरात जाऊन भ्रम निर्माण करू शकतात का? आणि ज्या स्त्रियांवर चेटकाचा आरोप झाला, त्या ही तेले वापरत होत्या का?

कागदोपत्री काय सापडते?

रात्री आकाशातून संचार करणाऱ्या स्त्रियांची कल्पना बरीच जुनी आहे. इ. स. ९०६च्या सुमाराच्या एका धर्मनियमात, डायना देवीबरोबर आपण रात्री फिरतो असे मानणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख आहे. त्या वेळी धर्मसंस्थेची भूमिका अशी होती, की हे सारे स्वप्नातले असून त्यावर विश्वास ठेवणे हीच चूक आहे. १४३५च्या सुमारास योहानेस नीडर या धर्मगुरूने आपल्या ग्रंथात एका म्हातारीची हकिकत दिली आहे. ती साक्षीदारांसमोर कणीक मळण्याच्या परातवजा लाकडी काठवटीत बसली, अंगाला लेप लावून झोपली, झोपेत तडफडली आणि काठवटीसकट खाली पडली. जागी झाल्यावर मात्र आपण डायनाबरोबर होतो असे ती सांगू लागली. नीडरच्या मते हा भ्रमाचा पुरावा होता.

त्यानंतरच्या शतकात दोन वैज्ञानिक वृत्तीच्या माणसांनी या विषयावर लिहिले. जामबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने नेपल्समध्ये १५५८ साली ‘निसर्गातील जादू’ या अर्थाचा आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चेटकिणींच्या लेपाच्या दोन कृती आहेत. बालकाची चरबी, वटवाघळाचे रक्त, काजळी यांच्याबरोबरच बचनाग, पॉप्लरची पाने आणि झोप आणणारी रिंगणीच्या कुळातील एक वनस्पती ही त्यातील काही द्रव्ये. एका म्हातारीने असा लेप लावला, ती गाढ झोपली, मारूनही उठली नाही, आणि शुद्धीवर आल्यावर आपण समुद्र व डोंगर ओलांडून आलो असे ठासून सांगू लागली, असे तो लिहितो. विशेष म्हणजे १५८९च्या वाढीव आवृत्तीतून पोर्ताने हा सगळा भाग वगळला.

दुसरा लेखक आंद्रेस लागुना हा स्पॅनिश वैद्य. तो १५४०च्या दशकात मेट्स शहराचा वैद्य होता. डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या वनौषधिग्रंथाचे त्याने केलेले स्पॅनिश भाषांतर १५५५ साली प्रसिद्ध झाले. त्यावरच्या टीपेत तो सांगतो, की चेटकाच्या आरोपावरून पकडलेल्या एका वृद्ध जोडप्याच्या झोपडीत हिरव्या मलमाचे भांडे मिळाले. त्याच्या उग्र वासावरून त्यात हेमलॉक, रिंगणीच्या कुळातील वनस्पती, खुरासानी ओवा आणि मँड्रेक असावेत असे त्याने ओळखले. शहराच्या फाशी देणाऱ्या माणसाची बायको निद्रानाशाने त्रस्त होती. लागुनाने तिच्या सर्वांगाला ते मलम लावून पाहिले. ती उघड्या डोळ्यांनी ३६ तास झोपली. मोठ्या प्रयत्नाने तिला उठवले, तेव्हा इतक्या सुखातून मला का उठवलेत म्हणून ती रागावली, आणि एका तरुण प्रियकराची स्वप्नातली हकिकत तिने नवऱ्याला हसत ऐकवली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे मलम औषधविक्रेत्याकडे मिळणाऱ्या पॉप्लरच्या मलमासारखे दिसत होते, असे लागुना स्वतःच म्हणतो. पॉप्लरच्या कळ्या, खुरासानी ओवा, मँड्रेक, अफूच्या झाडाची पाने इत्यादी डुकराच्या चरबीत शिजवून केलेले ते मलम युरोपभर वेदनेवर आणि झोपेसाठी वापरले जाई. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. अशी तेले व मलमे होती; पण ती जादूची म्हणून वेगळी काढता येत नाहीत. दुखण्यावर चोळायचे तेल आणि चेटकाचे तेल यांतला फरक बहुधा भांड्यात नसून ते कोणाच्या घरात सापडले यात होता.

त्वचेतून काय जाते?

आता दुसरा प्रश्न. बेलाडोना, खुरासानी ओवा, मँड्रेक आणि धोतरा या सर्व वनस्पती वांगी-बटाट्याच्या कुळातल्या. त्यांत हायोसायमिन, अॅट्रोपिन व स्कोपोलॅमिन ही अल्कलॉइडे असतात. जर्मन औषधविक्रेता माइन याने १८३१ साली अॅट्रोपिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आपल्या चेतासंस्थेत अॅसिटिलकोलिन हे द्रव्य एका पेशीचा संदेश दुसऱ्या पेशीकडे नेते. संदेश घेणाऱ्या पेशीवर त्याच्यासाठी ठरावीक जागा असतात. ही अल्कलॉइडे त्यांतल्या एका प्रकारच्या जागा अडवून बसतात. त्यामुळे तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद होते. मात्रा वाढली तर माणूस बरळू लागतो, नसलेल्या गोष्टी पाहतो आणि नंतर त्याला फारसे काही आठवत नाही.

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा थर बहुतेक ठिकाणी केवळ १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. पण पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांना तो चांगलाच अडवतो. लहान रेणूभाराची, तेलात विरघळणारी द्रव्ये मात्र त्यातून पार होऊ शकतात. अॅट्रोपिनचा रेणूभार सुमारे २८९, तर स्कोपोलॅमिनचा ३०३ आहे. हे रेणू या कसोटीला उतरतात. याचा व्यावहारिक पुरावाही आहे. कंबरदुखीवर लावल्या जाणाऱ्या बेलाडोनाच्या पट्ट्यांमुळे विषबाधा झाल्याच्या नोंदी जुन्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तसेच १९७९ साली अमेरिकेत प्रवासात होणाऱ्या मळमळीवर कानामागे चिकटवायची स्कोपोलॅमिनची चकती मान्य झाली. ती तीन दिवसांत सुमारे १ मिलिग्रॅम औषध त्वचेतून शरीरात सोडते.

अर्थात चकतीतील शुद्ध द्रव्य आणि घरगुती मलम यांत अंतर आहे. वनस्पतीत ही अल्कलॉइडे मुख्यतः क्षारांच्या रूपात असतात आणि क्षार तेलात नीट विरघळत नाहीत. शिवाय त्यांचे प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक बदलते. तेव्हा एखाद्या लेपाने काहीच होणार नाही आणि दुसऱ्याने जीव जाईल, असे घडू शकते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच ‘शक्य आहे, पण खात्रीचे नाही’ असे द्यावे लागेल.

यापलीकडे आणखी एक अडचण आहे. भ्रम होणे वेगळे आणि ठरावीक भ्रम होणे वेगळे. १९२१ साली ए. जे. क्लार्क या औषधशास्त्रज्ञाने असे सुचवले, की बचनागामुळे हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि बेलाडोनामुळे बरळणे यांच्या मिश्रणातून उडण्याची जाणीव होत असावी. पुढे पॉइकर्ट या जर्मन लोकसंस्कृती-अभ्यासकाने पोर्ताच्या कृतीप्रमाणे केलेला लेप स्वतःवर लावून पाहिल्याचे आणि उड्डाणाची व मेळाव्याची स्वप्ने पडल्याचे सांगितले. पण चेटकिणींच्या कथांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या माणसाला त्या लेपाने दुसरे कोणते स्वप्न पडणार?

या ठिकाणी आपल्याला गोव्यात झालेली एक नोंद उपयोगी पडते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा भारतीय औषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. चोर लोक अन्नातून धोतरा देऊन घरे लुटतात, हे त्यात आले आहे. धोतरा खाल्लेला माणूस हसत सुटतो, भान नसल्यासारखा वागतो आणि हा परिणाम सुमारे २४ तास टिकतो, असे तो लिहितो. रसायने तीच, काळही जवळजवळ तोच. पण गोव्यातले रोगी आकाशात उडाले नाहीत आणि सैतानालाही भेटले नाहीत. म्हणजे भ्रमाची क्षमता रसायनात असली, तरी त्यातली गोष्ट माणूस आपल्या समाजाकडून घेतो, असा निष्कर्ष काढायला जागा आहे.

बावीस भांड्यांचा प्रयोग

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर शोधण्याचा सर्वांत प्रामाणिक प्रयत्न एका धार्मिक न्यायाधीशाने केला. स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात १६०९च्या सुमारास चेटकाच्या आरोपांची साथ पसरली. नोव्हेंबर १६१० मध्ये लोग्रोन्यो येथील इन्क्विझिशनच्या न्यायालयाने ११ जणांना जाळण्याची शिक्षा दिली. त्यांतले पाच जण तुरुंगातच मरण पावले होते; त्यांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या. तीन न्यायाधीशांपैकी सर्वांत कनिष्ठ असलेल्या आलोन्सो दे सालाझार याला हे पुरावे पुरेसे वाटेनात.

मे १६११ ते जानेवारी १६१२ या काळात सालाझारने त्या प्रदेशात हिंडून चौकशी केली. आपण होऊन कबुली देणाऱ्यांना माफी मिळेल, असे जाहीर झालेले होते. १,८०२ जण पुढे आले. त्यांत १,३८४ मुले होती. कबुली ऐकून तो थांबला नाही. मेळावा कोठे भरला हे त्याने वेगवेगळ्या माणसांना स्वतंत्रपणे विचारले. उत्तरे जुळली नाहीत. ज्या रात्री मेळावा भरल्याचे सांगितले गेले, त्या रात्री त्याच जागी असलेल्या त्याच्या माणसांना काहीही दिसले नव्हते. लोकांनी उडण्याचे लेप आणि चूर्णे म्हणून बावीस भांडी आणून दिली. ती त्याने वैद्य आणि औषधविक्रेत्यांकडून तपासून घेतली, प्राण्यांवरही प्रयोग केले. सगळी निरुपद्रवी ठरली. चौकशी करणाऱ्यांना काहीतरी दाखवायला हवे म्हणून ती तयार केली होती, हेही उघड झाले.

आजच्या दृष्टीने या प्रयोगातही उणिवा आहेत. उदाहरणार्थ, काही सशांच्या रक्तात अॅट्रोपिनचे विघटन करणारे विकर असते आणि ते बेलाडोनाची पाने खाऊनही ठणठणीत राहतात. तेव्हा प्राण्याला काही झाले नाही म्हणजे माणसालाही होणार नाही, असे म्हणता येत नाही. परंतु सालाझारचा निष्कर्ष एका प्रयोगावर उभा नव्हता. स्वतंत्र साक्षी, प्रत्यक्ष निरीक्षण, द्रव्यांची परीक्षा या सर्वांनी एकाच दिशेला बोट दाखवले. ८१ जणांनी आपल्या कबुल्या मागे घेतल्या. चेटकाविषयी बोलणे आणि लिहिणे सुरू होईपर्यंत तेथे चेटकिणी नव्हत्या, असे मत त्याने वरिष्ठांना कळवले. १६१४ साली इन्क्विझिशनच्या सर्वोच्च मंडळाने नवे नियम केले आणि त्याच्या न्यायालयांकडून चेटकासाठी होणारी देहदंडाची शिक्षा स्पेनमध्ये जवळजवळ थांबली. इतरत्र मात्र असे खटले पुढेही चालू राहिले. १४५० ते १७५० या काळात युरोपात अशा खटल्यांतून ४० ते ६० हजार माणसे मारली गेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक स्त्रिया होत्या.

त्या कबुल्यांचे स्वरूपही लक्षात घ्यायला हवे. धोतऱ्यासारख्या विषाने बरळलेल्या माणसाची आठवण विस्कळीत असते. चेटकिणींच्या कबुल्या मात्र तपशीलवार आणि एकमेकींसारख्या आहेत. कारण विचारलेले प्रश्न एकसारखे होते, आणि अनेक ठिकाणी उत्तर मिळेपर्यंत छळ होत असे. हे साम्य समजून घ्यायला रसायनशास्त्राची गरज पडत नाही.

आधी घटना, मग कारण

फ्रेंच लेखक फोंतनेल याने १६८७ साली एक गोष्ट सांगितली आहे. १५९३ मध्ये सायलेशियातील एका मुलाला सोन्याचा दात आल्याची वार्ता पसरली. विद्वानांनी त्याच्या कारणांवर ग्रंथ लिहिले, आपसांत वाद घातले. शेवटी एका सोनाराने दात पाहिला, तेव्हा दातावर सोन्याचा पत्रा बसवलेला निघाला. घटना घडली आहे का हे तपासण्याआधी तिचे कारण शोधू नये, हा त्यातला बोध. चेटकिणींच्या तेलाचे स्पष्टीकरण देताना आपणही त्या विद्वानांच्या रांगेत उभे राहण्याचा धोका आहे.

हा धोका केवळ बौद्धिक नाही. ‘त्या बायका विषारी तेल चोळून उडण्याचा अनुभव घेत’ असे म्हणताना आपण नकळत आरोप करणाऱ्यांचे निम्मे म्हणणे मान्य करतो. त्या रात्री काहीतरी करत होत्या, एवढे आपण गृहीत धरतो. त्यांतल्या बहुतेकींनी काहीच केले नव्हते, ही शक्यता त्यामुळे झाकली जाते. आपल्याकडे सातपुड्याच्या भागात स्त्रियांना डाकीण ठरवून त्यांचा छळ झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात असा आरोप करून त्रास देणे हाही गुन्हा ठरवला आहे. अशा बातमीत एखाद्या घरातून औषधी तेलाची बाटली किंवा मुळ्यांचे गाठोडे मिळाल्याचे आले, तर ते कशाचे लक्षण मानायचे, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.

वर्गात हा विषय घेताना आम्ही दोन सूचना करू. पहिली म्हणजे धोतरा गावोगाव उकिरड्यावर उगवतो आणि त्याचे बी प्राणघातक ठरू शकते. म्हणून वनस्पती ओळखायला जरूर शिकवावे, पण तिच्या कोणत्याही भागाची चव घेऊ नये, तेल करून पाहू नये. दुसरी अशी, की वर दिलेले तीन प्रश्न फळ्यावर लिहून प्रत्येकाखाली पुरावा आणि त्याची विश्वासार्हता विद्यार्थ्यांनाच मांडू द्यावी. लागुनाने एकाच व्यक्तीवर प्रयोग केला. सालाझारने अनेक मार्गांनी तीच गोष्ट पडताळून पाहिली. या दोघांच्या पद्धतीत कोणते अंतर आहे, याची चर्चा आठवी-नववीच्या मुलांना चांगली जमते.