मल्लखांब : मल्लाचा लाकडी जोडीदार

मल्लखांब ही मुळात कुस्तीची पूरक मेहनत. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांनी खांबावर करायच्या श्रमाचा उल्लेख सापडतो. या विद्येला आजचे रूप मात्र पेशवाईच्या उत्तरकाळात आले आणि त्याचे श्रेय परंपरेने दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना दिले जाते. प्रत्यक्ष मारुतीने त्यांना ही विद्या दिली, अशी आख्यायिका आहे. देवधरांच्या शिष्यपरंपरेने ती पुढे काशीपर्यंत नेली.

खांब शिसवी किंवा सागवानी असतो. खाली जाड अंग, वर निमुळती मान आणि टोकाला बोंड. ही घडण माणसाच्या शरीराशी जुळते, म्हणून प्रतिस्पर्ध्याला आवळायचे पेच त्यावर एकट्यालाही घोटता येतात. खांबाला एरंडेल लावतात ते घर्षण कमी करण्यासाठी. कातडी सोलवटत नाही, पण पकडही सहज बसत नाही. शरीर खाली घसरू द्यायचे नसेल तर मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू जोराने आवळावेच लागतात. ही आवळ म्हणजे अढी, आणि सगळा मल्लखांब तिच्यावर उभा आहे.

नवशिक्याची अढी पहिल्या काही आठवड्यांतच घट्ट होऊ लागते. त्या काळात स्नायू फारसे वाढलेले नसतात. मज्जासंस्था अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकलेली असते. स्नायूंची जाडी त्यानंतर वाढते आणि स्नायुबंधांना बळकटी यायला आणखी वेळ लागतो. साध्या उडीपासून दसरंग, वेल, फरारे अशा पायऱ्यांनी शिकवण्याच्या जुन्या रीतीमुळे शरीराला हा वेळ मिळतो. प्रयोगशाळा नसताना उस्तादांनी केवळ निरीक्षणातून जपलेली ही शिस्त थक्क करणारी आहे.

मल्लखांबाचे इतर प्रकारही आहेत. टांगता मल्लखांब तोल शिकवतो. वेताच्या मल्लखांबात चांगला वेत मिळेनासा झाल्यावर सुती दोर आला आणि त्याच दोरावर पुढे मुलींचा मल्लखांब बहरला.

1958 साली दिल्लीतील राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्या वेळी मल्लखांब देशासमोर आला. 1981 पासून त्याच्या स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या. मध्य प्रदेशाने 2013 मध्ये त्याला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 2019 मध्ये मुंबईत झाली.