मॉरिशसची प्रवाळभित्ती : चुन्याची भिंत कशी उभी राहते

मॉरिशस बेटाला जवळजवळ सर्व बाजूंनी वेढणारी प्रवाळभित्ती किनाऱ्यावरून फेसाच्या एका पांढऱ्या रेषेसारखी दिसते. महासागराच्या लाटा तेथेच फुटतात आणि अलीकडे उथळ, शांत लगून राहते. नद्यांच्या मुखाशी मात्र ही रेषा खंडित होते. गोडे पाणी आणि गाळ प्रवाळांना मानवत नाहीत.

ही भिंत रचणारा पॉलिप हा जीव बहुधा काही मिलिमीटरांचाच असतो : पिशवीसारखे शरीर, वर तोंड आणि त्याभोवती शुंडकांचे वलय. त्याच्या तळच्या पेशी आणि खालचा सांगाडा यांत अतिशय अरुंद फट असते. पेशी त्या फटीत कॅल्शियम सोडतात आणि तेथील हायड्रोजन आयन बाहेर काढतात. त्यामुळे तेथील पाण्याची आम्लता घटते, कार्बोनेट वाढते आणि ॲरागोनाइट या कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाचे स्फटिक जमू लागतात. पॉलिप वर सरकतो, खाली नवी जमीन घालतो. जुने मजले रिकामे राहतात. सजीव असतो तो केवळ वरचा पातळ थर.

या कामाला लागणारी ऊर्जा मुख्यतः पॉलिपच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवले पुरवतात. म्हणूनच उजेडात सांगाडा वेगाने वाढतो आणि भित्ती रचणारे प्रवाळ उथळ, स्वच्छ पाण्यात वसतात. (अंगठीतले लाल पोवळे या कुळातले नव्हे. प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येणाऱ्या त्या प्रवाळात अशी शैवले नसतात.) फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा अधिक वाढू शकतात, घुमटाकार पोराइटीस जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, पण शतकानुशतके टिकतो.

तरी सुटे सांगाडे म्हणजे भित्ती नव्हे. लाटा, पोपटमासे आणि खडक पोखरणारे स्पंज त्यांचा चुरा करतात, तो फटींत भरतो आणि चुनखडीयुक्त लाल शैवले सारे सांधून टाकतात. मोडतोड हाही बांधकामाचाच भाग आहे.

चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये कीलिंग बेटांवरून मॉरिशसला आला. ज्वालामुखीजन्य बेट हळूहळू खचते, प्रवाळ वर चढत राहतात आणि शेवटी केवळ कंकण उरते, हा सिद्धांत त्याने १८४२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. १९५२ मध्ये एनिवेटोक येथे सुमारे १,४०० मीटर खोलीपर्यंत छिद्र पाडल्यावर ज्वालामुखी खडक लागला, तेव्हा त्यास भक्कम पुरावा मिळाला. मॉरिशस या क्रमाच्या आरंभी आहे, तर लक्षद्वीपची कंकणद्वीपे शेवटच्या टप्प्यावर.

पाणी नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा एखादा अंशही काही आठवडे अधिक राहिले, तर शैवले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे होतात. १९९८ मध्ये मालदीव आणि सेशेल्स यांची अशीच मोठी हानी झाली. मॉरिशस मात्र बरेचसे बचावले, आणि त्याचे श्रेय त्या वेळच्या चक्रीवादळाला व ढगाळ हवेला दिले जाते. दुसरीकडे, कार्बन डायऑक्साइड मुरल्याने समुद्राची आम्लता वाढते आणि फटीतून हायड्रोजन उपसणे पॉलिपला अधिक महाग पडते. प्रवाळ मेल्यावरही पोखरणारे थांबत नाहीत. झीज भरीपेक्षा वाढली की भित्तीचा माथा खचतो आणि तेथे फुटणाऱ्या लाटा लगून ओलांडून किनाऱ्यावर येतात.