१४ दिवसांची रेघ

१९७८ साली इंग्लंडात पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली आणि वाद पेटला: काचेतला भ्रूण संशोधनासाठी किती वाढवायचा? १९८४ मध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने आकडा दिला, १४ दिवस. १९९० मध्ये कायदा झाला. आम्हा प्रोग्रामर लोकांना असा आकडा भारी आवडतो, एक 'इफ' टाकला की काम झालं!

२०१३ मध्ये व्हिएन्नात लँकेस्टर आणि नोब्लिक यांनी मानवी मूळपेशींपासून मेंदूच्या ऊतीचे जेमतेम ४ मिलिमीटरचे गोळे वाढवले. हे भ्रूण नव्हेत, त्यामुळे १४ दिवसांचं घड्याळ लागूच नाही. ते महिनोन्‌महिने जगतात. त्यांना जाणीव किंवा वेदना असल्याचा पुरावा नाही, असं मूळपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये म्हटलं. ठीक. पण उद्या पुरावा दिसला तर? वॉर्नॉकबाईंना निदान दिवस तरी मोजता आले. इथे 'इफ' कशावर टाकायचा? पेशींच्या संख्येवर, की विद्युतलहरींवर?