राजवाड्याचा जळका चौक

आमच्या इंदुरात पाहुण्याला राजवाडा दाखवताना मी आधी मजले मोजायला लावतो. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. लाकूड म्हटले की आगीचे भय आलेच. थोरल्या मल्हारराव होळकरांच्या हयातीत सुरू झालेली ही वास्तू १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याने शहर लुटले तेव्हा जळाली. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली आणि वाडा पुन्हा उभा राहिला. १८३४ मध्ये वरचा मजला गेला. १९८४ च्या दंगलीत दर्शनी भाग वाचला, मागचा चौक मात्र राख झाला. तेव्हा मी शाळेत होतो.

पुढे प्रश्न पडला, या राखेवर काय उभारायचे? होळकरांना नव्याचे वावडे कधीच नव्हते. यशवंतराव दुसऱ्यांनी १९३० च्या सुमारास माणिकबागेसाठी एकार्ट मुथेसियस हा तरुण जर्मन वास्तुशिल्पी नेमला. मग राजवाड्यातही काच आणि काँक्रीट का नको, असे आमचे एक सहशिक्षक विचारीत. मला ते पटले नाही. माणिकबाग मोकळ्या बागेत उभी आहे; राजवाडा ऐन बाजारात, पोटात मल्हारी मार्तंडाचे देवघर घेऊन. तिथे चौक चौकासारखाच हवा. २००६-०७ मध्ये उषादेवी होळकरांच्या पुढाकाराने तो जुन्या घाटाचा झाला, हे बरेच झाले.

मुलांना तिथे नेले की मात्र मी बजावतो, ‘हे खांब अहिल्याबाईंच्या काळचे समजू नका रे, तुमच्या थोरल्या भावाच्या वयाचे आहेत.’