वलीची संमति आणि वधूची मर्जी

मुंबई हायकोर्टापुढें १८६४ सालीं ‘महंमद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद’ हा दावा आला. वाद एका मुलीच्या निकाहाचा होता. तिचें माहेर शाफई पंथाचें. कोंकणच्या किनाऱ्यावरील मुसलमान घराणीं बहुधा याच पंथाचीं. अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर ही परंपरा इकडे आली. शाफई शास्त्राप्रमाणें वलीवांचून, म्हणजे बाप, आजा यांसारख्या पालकावांचून, निकाह होतच नाहीं. हनफी शास्त्राप्रमाणें मात्र वयांत आलेली जाणती मुलगी आपला निकाह आपण करूं शकते. मग शाफई घरांतील मुलीनें हनफी पंथ स्वीकारून बापाच्या संमतीवांचून लग्न केलें, तर तें शास्त्रानें खरें कीं खोटें?

दावा नवा, पण मतभेद अकराशें वर्षांचा. इमाम अबू हनीफा (मृत्यु ७६७) हे इराकांतील कूफा शहरचे, कापडाचे व्यापारी. कूफा म्हणजे लष्करी छावणींतून वाढलेलें, अरब व इराणी अशा नाना लोकांनीं गजबजलेलें शहर. जी स्त्री आपल्या मालमत्तेची देवघेव स्वतः करूं शकते, तिला आपल्या लग्नाचाच करार कां करतां येऊं नये, असा त्यांच्या पंथाचा युक्तिवाद. मदिनेच्या इमाम मालिकांजवळ शिकलेले इमाम शाफई (मृत्यु ८२०) यांनीं, वलीवांचून निकाह नाहीं या आशयाचें पैगंबरांचें वचन प्रमाण धरलें.

तरी हनफींनीं मुलीला अगदीं मोकळें सोडलें होतें असें नव्हे. वर बरोबरीचा नसेल, किंवा मेहेर घराण्याच्या रिवाजाहून कमी ठरला असेल, तर वलीला काजीकडे धांव घेतां येई. उलट शाफई बापाची सत्ताही निरंकुश नव्हती. एकदां संसार केलेल्या स्त्रीचा निकाह तिच्या स्पष्ट होकारावांचून लावतां येत नसे. याला आधार मदिनेच्या खनसा बिंत खिदाम हिचा. बापानें तिचें लग्न तिच्या मनाविरुद्ध लावलें. ती पैगंबरांकडे गेली, आणि पैगंबरांनीं तें रद्द ठरविलें. कुमारिकेची गोष्ट निराळी. तिला विचारणें शाफई मतें बापाला श्रेयस्कर, पण बंधनकारक नव्हे. आणि विचारलेंच तर तिचें मौन हाच होकार. चार वडीलधाऱ्यांसमक्ष किती मुलींच्या तोंडून ‘नाहीं’ निघालें असेल, हें सांगावयास नको!

हायकोर्टानें सांगितलेलें तत्त्व असें: सुन्नींच्या चार पंथांपैकीं कोणताही पंथ स्वीकारण्यास वयांत आलेली स्त्री मुखत्यार आहे, आणि त्यापुढें तिचीं कृत्यें नव्या पंथाच्या नियमांनींच जोखलीं पाहिजेत. बापानें आधीं कोणाला देऊन न टाकलेल्या शाफई मुलीस हनफी होऊन स्वतः निकाह करण्याची वाट अशी मिळाली. ही वाट इंग्रजी न्यायालयानें नव्यानें पाडली म्हणणें बरोबर नाहीं. चारही पंथ सारखेच सुन्नी, या जुन्या समजुतींतच ती होती. न्यायालयानें तिला कुलूप घालण्याचें नाकारलें, इतकेंच.

बालपणींच जिचा निकाह होऊन गेला, तिला या निवाड्याचा उपयोग नव्हता. हनफी शास्त्रांतही इतर पालकानें लावलेलें लग्न मुलीला वयांत येतांच नाकारतां येई. बापानें वा आजानें लावलेलें सहसा नाहीं. हा भेद १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानें काढून टाकला. बापानें १५ वर्षें पुरीं होण्यापूर्वीं लावलेलें लग्नही, पतीशीं सहवास झाला नसेल तर, १८ वर्षें पुरीं होण्याआधीं नाकारण्याचा अधिकार मुलीला मिळाला. आणि त्यासाठीं शाफई घरांतील मुलीला पंथ बदलण्याचेंही कारण उरलें नाहीं.